केळ्याची टपरी ते राक्षसभुवन: काका-पुतण्याचा एक जुना एपिसोड

आजचा भाग जरा घरातला आहे. म्हणजे विषय इतिहासाचाच, पण सुरुवात एका अमेरिकन कॉमेडी मालिकेपासून, मध्ये पेशवाई, आणि शेवट आमच्या दिंद्रुडच्या दुकानात. बसमध्ये ऐकत असाल तर ऐका, वाचणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे हा लिहिलेला मजकूर.

मालिकेचं नाव 'अरेस्टेड डेव्हलपमेंट'. २००३ मध्ये अमेरिकेत फॉक्स चॅनेलवर सुरू झाली, २००६ मध्ये बंद पडली, आणि २०१३ मध्ये नेटफ्लिक्सने ती पुन्हा उभी केली. ब्लूथ नावाचं एक कुटुंब आहे, धंदा बिल्डरचा. बाप हिशेबाच्या घोटाळ्यात जेलमध्ये जातो आणि मायकेल नावाचा एक मुलगा कंपनी आणि घर दोन्ही सांभाळायला बघतो. बाकी सगळे त्या कंपनीवर जगतात, पण काम कुणालाच नको.

तिच्या दुसऱ्याच एपिसोडचं नाव 'टॉप बनाना'. या कुटुंबाची समुद्रकिनाऱ्यावर केळी विकायची एक टपरी असते. बाप जेलमधून मायकेलला पुन्हा पुन्हा सांगतो, की त्या टपरीत पैसा आहे. मायकेलला वाटतं, बाप अजूनही आपल्यावर हुकूम गाजवतोय. शेवटी रागाच्या भरात तो स्वतःच्या मुलाला सोबत घेऊन टपरी जाळून टाकतो. मग कळतं, की टपरीच्या भिंतींच्या आत अडीच लाख डॉलर रोख लपवलेले होते. बाप खरंच पैशाबद्दल बोलत होता. वर आणखी गंमत म्हणजे टपरीच्या विम्याचा चेक पोस्टात टाकायला भावाकडे दिलेला असतो, आणि भावाने तो टाकलेलाच नसतो.

पुण्यातल्या आमच्या रूमवर हा एपिसोड बघताना रूममेट गडाबडा लोळत होता. मीही हसलो. पण मला मध्येच आमचं दुकान आठवलं आणि हसू जरा अडकलं.

आमचं दुकान म्हणजे दिंद्रुडमधलं कृषी सेवा केंद्र. बी-बियाणं, खत, औषधं. आजोबांनी सुरू केलेलं. आजोबा गेल्यावर आण्णा, म्हणजे माझे वडील, आणि काका यांच्यात बिनसलं. दुकान एकच, पण उधारीच्या वह्या दोन. कापूस, सोयाबीन आलं की शेतकरी उधारी फेडायला येतो आणि दारात उभा राहून विचार करतो, पैसे कोणाकडे द्यायचे? मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला एकाच दुकानात दोन वेळा वहीपूजन झालं. आण्णांचं संध्याकाळी, काकांचं रात्री. लक्ष्मीलासुद्धा प्रश्न पडला असेल, की या घरात नेमकं कोणत्या वेळी यायचं.

त्याच दिवाळीत काका मला म्हणाले, "पेशव्याचा इतिहास जगाला सांगायलास मोबाईलवर. घरचा कधी विचारलास का?"

तेव्हा मी काही बोललो नाही. आजचा भाग त्या प्रश्नामुळे आहे. पण आधी पेशव्यांचा सांगतो, कारण काका-पुतण्याच्या भांडणातला सगळ्यात मोठा एपिसोड आपल्याच बीड जिल्ह्यात घडला. गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी, राक्षसभुवनला.

आधी धंदा समजून घेऊ. पेशवा म्हणजे मुळात साताऱ्याच्या छत्रपतींचा पंतप्रधान. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. त्यांच्यानंतर १७२० मध्ये मुलगा बाजीराव, मग १७४० मध्ये नातू नानासाहेब. बघता बघता पद घराण्याचं झालं. उत्पन्नाचा मोठा भाग म्हणजे दुसऱ्यांच्या मुलखातल्या महसुलातून मिळणारी चौथ, म्हणजे चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी, म्हणजे दहावा हिस्सा. सरदारांना मुलूख तोडून द्यायचा, त्यातून त्यांनी फौज ठेवायची. आजच्या भाषेत फ्रँचायझीच म्हणा. आणि मोहिमेला लागणारं भांडवल? सावकारांकडून कर्ज. बाजीरावांसारखा सेनापतीसुद्धा सावकारांच्या तगाद्याने वैतागून ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रं लिहायचा. म्हणजे बाहेरून साम्राज्य दिसतंय, आत उधारीची वही आहे. आम्हा दुकानदारांना हे लगेच कळतं.

आता १७६१. १४ जानेवारीला पानिपत झालं. नानासाहेबांचा थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ तिथे गेले. खचलेले नानासाहेब २३ जूनला पुण्यात पर्वतीवर वारले. एका वर्षात घराण्यातली तीन मोठी माणसं संपली. मागे राहिले कोण? नानासाहेबांचा मुलगा माधवराव, वय १६. आणि नानासाहेबांचा भाऊ रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, वय २६.

साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं पुतण्याला मिळाली. पण पुतण्या लहान, म्हणून कारभार काका बघणार. ही व्यवस्था कधीपर्यंत? पुतण्या मोठा झाला की काकांनी बाजूला व्हायचं की नाही? काकांचा हिस्सा किती? याचा पक्का नियम कुठेच नव्हता. मंडळी, हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढचं सगळं यातूनच निघतं.

इथे राघोबादादांची बाजूही ऐका. ते काही ऐतखाऊ नव्हते. १७५८ मध्ये मराठी फौजा लाहोरपर्यंत गेल्या, त्या त्यांच्या नेतृत्वाखाली. पराक्रम खरा. पण मोहिमेतून नफा येण्याऐवजी कर्जच आलं, आणि त्यावरून घरात टोमणे बसले. म्हणजे माणसाच्या मनात काय असणार? मी एवढं केलं, आणि गादीवर काल मिसरूड फुटलेला पोरगा.

पहिलं संकट लगेच आलं. पानिपतानंतर पेशवे दुबळे झालेत, असं बघून हैदराबादचा निजामअली पुण्याच्या दिशेने निघाला. उरुळीजवळ मराठ्यांनी त्याला अडवलं. तो कोंडीत सापडला होता, पण राघोबांनी त्याच्याशी सौम्य तह करून त्याला सोडून दिलं. पुतण्याला हे पटलं नाही.

१७६२ मध्ये माधवराव स्वतः कारभारात लक्ष घालू लागले आणि खटके वाढले. काका रागावून पुण्याबाहेर पडले आणि फौज जमवू लागले. नोव्हेंबरमध्ये काका-पुतण्याच्या फौजा समोरासमोर आल्या. घोडनदीला आणि भीमेकाठी आळेगावला लढाया झाल्या. आणि काकांच्या मदतीला कोण? तोच निजाम, ज्याला वर्षभरापूर्वी सोडून दिलं होतं.

आता १७ वर्षांच्या माधवरावांनी काय केलं बघा. लढत राहिलो तर राज्याचे दोन तुकडे होणार आणि मध्ये निजाम बसणार, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी लढाई थांबवली, स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि शरण गेले. सगळा कारभार काकांच्या हातात दिला.

मग काकांनी 'मॅनेजमेंट' बदललं. आयटीत असणाऱ्यांना हे माहितीये. नवा मॅनेजर येतो, पहिल्या आठवड्यात जुन्या टीमची माणसं बाजूला. राघोबांनी पुतण्याच्या बाजूच्या लोकांना धडा शिकवायला घेतला. प्रतिनिधींचं पद काढून दुसऱ्याला दिलं. गोपाळराव पटवर्धनांची मिरज काढून घेतली. दुखावलेले गोपाळराव निजामाकडे गेले. नागपूरचे जानोजी भोसलेही निजामाला मिळाले. आणि काकांना मदत करणारा निजाम? त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर याने त्याला समजावलं, की पेशव्यांना मोडायची हीच वेळ आहे. निजामाने भीमेच्या पूर्वेकडचा सगळा मुलूख मागितला.

आणि मे १७६३ मध्ये निजाम आणि जानोजींच्या फौजांनी पुणं लुटलं आणि जाळलं. पेशव्यांची राजधानी! पेशवे त्या वेळी निजामाच्या मुलखात त्याला चिडवत, खंडण्या गोळा करत फिरत होते, आणि मागे घर जळत होतं. काडी निजामाने लावली, पण दार आतून उघडं होतं. मला इथे ती केळ्याची टपरी आठवते. जळालं ते स्वतःचंच, आणि भिंतीत काय होतं ते जळाल्यावर कळलं. भिंतीत होती ती विश्वासाची माणसं. पटवर्धनांसारखं घराणं परत मिळवायला केवढा खटाटोप करावा लागणार होता, हे त्यांची मिरज काढताना कोणी मोजलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र गंमतशीर आहे. समोरच्या कंपन्यांचं घरही काही धड नव्हतं. निजामअलीने १७६२ मध्ये स्वतःच्या भावाला, सलाबतजंगाला, गादीवरून काढून बीदरला कैदेत टाकलं होतं. नागपूरकर भोसले भाऊ १७५५ मध्ये वडील वारल्यापासून आपसांत भांडत होते. म्हणजे दख्खनच्या बाजारात तीन मोठी दुकानं, आणि तिन्ही दुकानांत भाऊबंदकी. भाऊबंदकी! किती नेमका शब्द आहे आपल्याकडे. भाऊ या नात्यालाच आपण भांडणाचं नाव देऊन टाकलंय.

आता राक्षसभुवन. पुणं जळाल्यावर काका-पुतणे एक झाले. दुसरा मार्गच नव्हता. मराठ्यांनी जानोजींना मुलुखाचं आमिष दाखवून गुपचूप आपल्याकडे वळवलं. निजाम औरंगाबादकडे परतत होता. ऑगस्ट महिना, गोदावरीला पाणी. निजाम थोड्या फौजेसह नदी ओलांडून उत्तरेच्या काठाला गेला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर, म्हणजे आपल्या राक्षसभुवनच्या बाजूला, नदी ओलांडायच्या तयारीत होता. नेमकं याच वेळी, १० ऑगस्ट १७६३ ला, मराठ्यांनी हल्ला केला.

राघोबा पुढे घुसले आणि वेढ्यात सापडले. आता विचार करा. नऊ महिन्यांपूर्वी ज्या काकांनी आपलं सगळं काढून घेतलं, ते काका शत्रूच्या गराड्यात आहेत. माधवरावांनी जरा उशीर केला असता तर कोणी विचारलंही नसतं. पण ते राखीव फौज घेऊन धावून गेले, काकांना सोडवलं आणि लढाई फिरली. विठ्ठल सुंदर मारला गेला. नदीपलीकडे निजाम उभा होता, पण पुरामुळे त्याला काहीच करता येईना. त्यानंतर औरंगाबादला तह झाला, निजामाला बराच मुलूख सोडावा लागला. पटवर्धनांना मिरज परत मिळाली. पानिपतानंतर तीन वर्षांच्या आत मराठे पुन्हा उभे राहिले.

मी मागच्या पावसाळ्यात दिंद्रुडहून माजलगाव, गेवराई करत बाईकवर राक्षसभुवनला गेलो. वाटेत लढाईची जागा कुठे म्हणून विचारलं, तर लोकांनी मला शनीच्या मंदिराचा रस्ता दाखवला. साडेसातीवाले तिथे लांबून येतात. मी नदीकाठी उभा राहिलो. पात्र रुंद आहे. वरून जायकवाडीचं पाणी सोडलं की आजही काठच्या गावांना इशारा देतात. या किनाऱ्यावरून तो किनारा दिसतो, पण जाता येत नाही. निजामाचं काय झालं असेल ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

सिटकॉम असती तर एपिसोड इथे संपला असता. काका-पुतण्यांची गळाभेट, मागे संगीत, नावं वर सरकताहेत. सिटकॉमचा नियमच तो. वीस-बावीस मिनिटांत घर पेटतं, विझतं, आणि पुढच्या एपिसोडला सगळे पुन्हा त्याच सोफ्यावर. कोणी काही शिकत नाही, म्हणून तर आपण हसतो. इतिहासात ती सोय नाही. इथे मागचा एपिसोड पुढच्यात साठत जातो.

राक्षसभुवननंतर कारभार माधवरावांकडे आला. पण मूळ प्रश्न, काकांचा हिस्सा काय, तो तसाच राहिला. सगळ्यांना वाटलं, संकटात एक झाले म्हणजे भांडण मिटलं. एक होणं वेगळं आणि मिटणं वेगळं. राघोबा पुन्हा उत्तरेत मोहिमेवर गेले, पुन्हा कर्ज घेऊन आले, पुन्हा राज्याची वाटणी मागू लागले. १७६८ मध्ये त्यांनी अमृतरावाला दत्तक घेतलं, म्हणजे आपल्या हक्काला वारस तयार केला. त्याच वर्षी जूनमध्ये नाशिक भागातल्या धोडप किल्ल्याजवळ पुतण्याने काकांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात कैदेत ठेवलं. एकाच वाड्यात मालक आणि कैदी, दोघंही घरचेच.

१८ नोव्हेंबर १७७२ ला माधवराव क्षयाने थेऊरला वारले. वय फक्त २७. त्यांच्यामागे धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ ला, गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीये, पण ती दंतकथा आहे, पुरावा नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी मात्र राघोबांना दोषी धरलं आणि पुणं सोडलं. याच प्रकरणावर खाडिलकरांनी १९०९ मध्ये नाटक लिहिलं. नाव काय? 'भाऊबंदकी'.

पुढे कारभाऱ्यांनी राघोबांना बाजूला केलं. राघोबा इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह: तुम्ही मला पेशवा करा, मी तुम्हाला साष्टी आणि वसई देतो. आळेगावला घरच्या भांडणात निजामाला बोलावलं होतं, आता कंपनी सरकारला. निजाम पुणं जाळून परत गेला. इंग्रज परत गेले नाहीत. राघोबांचाच मुलगा दुसरा बाजीराव शेवटचा पेशवा झाला, आणि १८१८ मध्ये दुकानाला कायमचं कुलूप लागलं. इंग्रज जिंकले त्याला कारणं पुष्कळ आहेत, तोफखाना, पैसा, शिस्त, सरदारांची आपसातली भांडणं. पण त्यांना दार उघडून कोणी दिलं, या प्रश्नाचं उत्तर घरातच सापडतं.

आता दिंद्रुड.

आमच्या घरातही एक राक्षसभुवन झालं होतं. आजोबा अंबाजोगाईला दवाखान्यात होते तेव्हा आण्णा आणि काका आळीपाळीने रात्री जागले. एका डब्यातून जेवले. आजी सगळ्यांना सांगत होती, "पोरं एक झाली माझी." आजोबा गेले, तेरावा झाला, आणि महिन्याभरात दुसरी वही आली. कारण दवाखान्यात हिशेब कोणी काढला नव्हता. अशा वेळी हिशेब काढणं बरं दिसत नाही ना! मग बरं कधी दिसतं? कधीच नाही. म्हणून तो राहतो.

काकांच्या प्रश्नावर परत येतो. घरचा इतिहास कधी विचारलास का? या दिवाळीनंतर मी विचारला. आण्णांना नाही, आजीला. आण्णा काही वर्षं बाहेरगावी नोकरीला होते. त्या काळात दुकान काकांनी एकट्याने चालवलं. ही माझी इंजिनिअरिंगची वर्षं. माझी फी, होस्टेल, लॅपटॉप, सगळं दुकानाच्या गल्ल्यातून गेलं. आजोबा सांगायचे आणि काका मोजून द्यायचे. त्याच काळात काकांच्या मुलीचं, माझ्या बहिणीचं, बाहेर शिकायला जायचं राहिलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मी मात्र आजपर्यंत घरच्या भांडणाची गोष्ट मित्रांना सांगताना काकांना राघोबा करून सांगत आलो.

त्या एपिसोडमधला बाप सांगत होता, टपरीत पैसा आहे. आमच्या टपरीच्या भिंतीतला पैसा म्हणजे माझी बीटेकची डिग्री निघाली.

याचा अर्थ काकांचं सगळं बरोबर, असं नाही. एजन्सी गुपचूप आपल्या नावावर करून घेणं बरोबर नव्हतंच, आणि आण्णांचं दुखणं खोटं नाही. पण लाहोरपर्यंत गेलेल्या माणसाला तू फक्त कर्ज आणलंस असं म्हटलं, की तो पुढे कुठे जातो, हे आपण बघितलं.

म्हणून मी एक साधं काम केलंय. एक्सेलमध्ये एक फाइल बनवलीये. पहिल्या रांगेत माझ्या शिक्षणाचा खर्च, वर्षानुसार, आजीला आणि मला आठवेल तसा. त्यापुढे नाव काकांचं. पुढच्या रांगा रिकाम्या आहेत, त्या आण्णा आणि काकांनी भरायच्या. पुढच्या रविवारी, म्हणजे आमच्या इथे दुकान जरा निवांत असतं तेव्हा, मी लॅपटॉप घेऊन काउंटरवर बसणार आहे. दोघं बसतील का माहीत नाही. काकांना फोन केला तर एवढंच म्हणाले, "ये. च्या पिऊन जा."

माझ्यासाठी तेवढं पुरे आहे सध्या.

तुमच्याही घरात अशी एखादी दोन वह्यांची गोष्ट असेल, तर संकटात सगळे एक झाले म्हणून फोटो काढून थांबू नका. नंतर शांतपणे बसा आणि लिहून काढा. आणि कधी गेवराईकडे गेलात तर राक्षसभुवनला नदीकाठी पाच मिनिटं थांबा. शनीला तेल घाला, आणि काकाला वाचवायला धावलेल्या त्या १८ वर्षांच्या पोराचीही आठवण काढा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या.